एकोणचाळीस कलमं आणि बावीस सुना

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कोणी विचारलं की ताश-केचूच्या जिल्हा रुग्णालयात माहिती सुरक्षा आणली कोणी, तर लेखी पुरावा हवा. कोणालाही दाखवायची नाही. टेबलाच्या खणात, कुलपात.

सकाळी ९.१५
खणाची किल्ली सापडेना. थेरपी वॉर्डात जाऊन बायकोला विचारलं. गुलबारचिन तिथली मुख्य परिचारिका. म्हणाली, अहो, तुमच्या खणाची किल्ली फुलदाणीत असते, सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना म्हणजे कोणाला, ते विचारायचं राहिलं.

दुपारी
नियुक्तीपत्र हातात आलं. तोक्तोसुन तेमिरकुलोव्ह, माहिती सुरक्षा विभागप्रमुख, कंसात प्रभारी. कंस तात्पुरता आहे. ऑक्टोबरात राजधानीतून, बिश्केकहून, तपासणी येईल, रुग्णालय पास झालं की कंस जाईल आणि पद कायम. नापास झालं तर मी परत तळघरात, आकडेवारीच्या खोलीत, बॉयलरशेजारी, जिथे मी एकोणीस वर्षं काढली. उन्हाळ्यात तिथे उकडतं. हिवाळ्यात बॉयलर बंद पडतो.

नापास होण्याचा प्रश्नच येत नाही. दारावरची पाटी करायला टाकली. फक्त आडनाव आणि पद, कंस न घालता.

विभागात सध्या मी एकटाच आहे. त्यामुळे शिस्त चांगली आहे.

३ सप्टेंबर
धोरण लिहून झालं. एकोणचाळीस कलमं. मुख्य डॉक्टर कालिक बाइकेंनी (बाइके म्हणजे थोरले भाऊ, वडीलधाऱ्यांना आम्ही असंच म्हणतो) न वाचता सही केली. यालाच विश्वास म्हणतात.

ठळक कलमं: प्रत्येकाने स्वतःच्याच नावाने लॉगिन करायचं. पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. दोन मिनिटं हात लागला नाही की स्क्रीन बंद. कलम सात: ज्याचा संबंध नाही त्याला काहीही सांगायचं नाही, मग तो नवरा असो, भाऊ असो. आणि कलम अकरा, जे बिश्केकच्या नमुन्यातही नाही, माझ्या डोक्यातून निघालं आहे: रुग्णाची फाइल उघडण्याआधी किंवा फोनवर रिपोर्ट घेण्याआधी कर्मचाऱ्याने रुग्णाचं पूर्ण नाव आणि जन्मसाल मोठ्याने उच्चारायचं. चुकीच्या माणसाचा रिपोर्ट चुकीच्या माणसाला जाणं यामुळे कायमचं बंद होईल.

लिहिताना अंगावर काटा आला.

५ सप्टेंबर. दुपारी ४.३०
प्रशिक्षण तीन वाजता होतं. अपेक्षित चौसष्ट, आले तीन. त्यातले एक गृहस्थ हॉल कधी रिकामा होणार ते विचारायला आले होते, पण दार अडकलं म्हणून शेवटपर्यंत बसले. बाकीचे बटाटे काढायला गेले. बटाट्यांचे दिवस आहेत, समजू शकतो. आमचेही अजून जमिनीतच आहेत.

लॅबमधली बेगायिम मात्र आली. वय तेवीस, पहिलीच नोकरी. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस कलमं तिने वहीत उतरवून घेतली. विचारलं, बाइके, मुख्य डॉक्टरांनी विचारलं तरी नियम मोडायचा नाही? मी म्हटलं, मी विचारलं तरी मोडायचा नाही. तिचे डोळे चमकले. अशा दहा मुली मिळाल्या तर देश कुठल्या कुठे जाईल.

९ सप्टेंबर
थेरपी वॉर्डात संगणक तीन. चालतो एक. लॉगिन व्हायला चार मिनिटं वीस सेकंद लागतात, घड्याळ लावून बघितलं. गुलबारचिनने सगळ्यांसमोर विचारलं की अहो, दार उघडायला चार मिनिटं लागतात आणि दोन मिनिटांत ते आपोआप बंद होतं, तर आत जायचं कधी? परिचारिका हसल्या. मी म्हटलं, यालाच सुरक्षा म्हणतात.

दुपारी परत गेलो तर स्क्रीन उघडीच. लादी पुसणाऱ्या एजे, म्हणजे थोरल्या ताई, जाता-येता माउसला कोपराने ढोसून जात होत्या. विचारलं तर म्हणाल्या, मुलींनी सांगितलंय. मी नोंद केली: सफाई विभागाचाही सक्रिय सहभाग.

१२ सप्टेंबर
लॉगिनची नोंद तपासली आणि थक्क झालो. वालेंतिना मिखाइलोव्हना नावाच्या परिचारिकेने पंधरा दिवसांत तीन हजार एकशे बारा फायली उघडल्या. सकाळ, संध्याकाळ, पहाट, रविवार. एक सुट्टी नाही, एक चुकीचा पासवर्ड नाही. आपल्याकडे अशी माणसं आहेत आणि आपल्याला पत्ताच नाही!

जेवताना गुलबारचिनला विचारलं की या बाईला हे जमतं कसं. तिने सूपचा वाडगा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, सूप गार होतंय.

१७ सप्टेंबर
साप्ताहिक बैठकीत वालेंतिना मिखाइलोव्हना यांना मानपत्र द्यायला मंचावर बोलावलं. कोणी उठेना. दुसऱ्यांदा नाव पुकारलं. मागच्या रांगेतून खुसखुस. शेवटी कालिक बाइकेंनी मला जवळ ओढून कानात सांगितलं की त्या जूनमध्येच निवृत्त झाल्या, मुलाकडे रशियात, वोरोनेझला राहतात. अख्खा थेरपी वॉर्ड त्यांच्या लॉगिनवर चालतो.

बैठकीनंतर वॉर्डात गेलो आणि चांगलंच फैलावर घेतलं. मग कारण विचारलं. सगळ्या कामाला लागल्या. शेवटी गुलबारचिनने सांगितलं.

लॉगिन आडनावावर आहे. पासवर्ड अडकला की नारिन शहरातल्या मदतकेंद्राला फोन करून आडनाव मोठ्याने सांगावं लागतं. आणि या गावात बाईचं आडनाव म्हणजे सासऱ्याचं नाव, नाहीतर त्याच्या बापाचं. वॉर्डात बावीस परिचारिका, बावीसही या गावच्या सुना. सासरच्या थोरल्यांचं नाव सून तोंडातून काढत नाही. वालेंतिनाचं सासर इथे नव्हतं. म्हणून तिचं लॉगिन सोयीचं.

ही रीत मला ठाऊक नाही असं थोडंच आहे? सव्वीस वर्षांत गुलबारचिनने माझ्या वडिलांचं नाव उच्चारलेलं नाही. त्यांचं नाव तेमिरकुल, त्यात तेमिर म्हणजे लोखंड, म्हणून ती लोखंड हा शब्दसुद्धा टाळते. रक्तवाढीच्या, म्हणजे लोहाच्या, गोळ्यांना तिच्या वॉर्डात काळ्या गोळ्या म्हणतात. नव्या मुलींना वाटतं तेच शास्त्रीय नाव.

क्षणभर गहिवरून आलं. पण नियम तो नियम. वालेंतिनाचं लॉगिन सोमवारपासून बंद.

२३ सप्टेंबर, सोमवार
९.०० लॉगिन बंद केलं.
९.१० वॉर्ड ठप्प.
९.४० कालिक बाइकेंनी बोलावून घेतलं. काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.
९.४५ लॉगिन चालू केलं.

नोंदवहीत "सराव" म्हणून लिहिलं. सराव यशस्वी.

मानपत्र वोरोनेझला पोस्टाने पाठवलं.

३० सप्टेंबर. महत्त्वाचा दिवस!
वॉर्डाच्या दारात उभा होतो. गुलबारचिन लॅबशी फोनवर बोलत होती. दगडी पुलाजवळच्या आजोबांचं रक्त आलं का? तांबड्या घोडीवाल्याची लघवी कुठे अडकली? मधमाश्यांच्या घरच्या थोरलीचा एक्स-रे पाठवते. पाऊण तास ऐकलं. एकदाही कोणाचं नाव नाही!

आणि डोक्यात प्रकाश पडला. ही तर सांकेतिक प्रणाली! परदेशात यासाठी मोठमोठ्या कंपन्या नेमतात. इथे बावीस बायकांनी फुकटात उभी केली. बिश्केकला सहा पानी अहवाल पाठवला: कर्मचाऱ्यांनी स्वयंस्फूर्तीने विकसित केलेली गुप्त नामपद्धती, मार्गदर्शक तोक्तोसुन तेमिरकुलोव्ह.

गुलबारचिन म्हणाली, अहो, याला सासरचा मान राखणं म्हणतात, माझी पणजीही हेच करायची. मी म्हटलं, पणजीने अहवाल लिहिला नव्हता.

संध्याकाळी प्रणालीची चाचणी घेतली. कोपऱ्यावर नान विकणाऱ्या बुबु एजेंना सहज विचारलं की तांबड्या घोडीवाला म्हणजे कोण. त्यांनी नाव सांगितलं, घर सांगितलं, त्याला काय झालंय ते सांगितलं, आणि त्याचा रशियातला मुलगा महिनाभर फोन करत नाही हेही सांगितलं. म्हणजे संकेत फुटू शकतो, पण फक्त ताश-केचूत राहणाऱ्यांकडून. हल्लेखोर परदेशात असतात. काळजीचं कारण नाही.

१ ऑक्टोबर
बेगायिम वही घेऊन आली. म्हणाली, बाइके, कलम अकरा सांगतं नाव मोठ्याने घ्या आणि नवी प्रणाली सांगते नाव घेऊच नका. कोणतं पाळू? तिला शाबासकी दिली आणि सांगितलं, दोन्ही. तिने लिहून घेतलं.

४ ऑक्टोबर
व्हॉट्सॲपवर "थेरपी आणि आपली माणसं" नावाचा ग्रुप आहे असं कळलं. सदस्य दोनशे चौदा. डॉक्टर, परिचारिका, बरे होऊन घरी गेलेले रुग्ण, दोन टॅक्सीवाले. हृदयाचे आलेख, एक्स-रे, सगळं त्यात. तत्काळ बंद करा, असा आदेश काढला. कालिक बाइके म्हणाले, तोक्तोसुन, हृदयाचा डॉक्टर घाटापलीकडे नारिनला बसतो. सरकारी मार्गाने आलेख पोचायला दोन दिवस, इथून दोन मिनिटं. तोवर रुग्णाला काय सांगू, थांब बाबा, कलम वाचतोय?

त्यांना तांत्रिक बाजू कळत नाही. तरीही मोठेपणाने आदेश स्थगित केला आणि निरीक्षक म्हणून स्वतःच ग्रुपात शिरलो. शुक्रवारच्या शुभेच्छा टाकल्या, गुलाबाच्या चित्रासह. एकसष्ट जणांनी बदाम पाठवले. लगेच खाली एकोणचाळीस कलमंही टाकली. त्याखाली कोणीतरी कोणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे टाकला.

९ ऑक्टोबर
फाटकाजवळच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी अडवलं. ये बाळ, बस, त्या सुताराचं ऑपरेशन कसं झालं? पांढऱ्या दाढीवाल्यांना नाही कसं म्हणायचं? अगदी वरवरचं सांगितलं. कुठली किडनी, किती खडे, एवढंच.

संकल्प: उद्यापासून मागच्या फाटकाने जायचं.

१० ऑक्टोबर
मागच्या फाटकापाशीही बाक आहे.

१४ ऑक्टोबर
बाबांना दाखल केलं. एक्क्याऐंशी वय, पाय सुजलेले, दोन पावलं चालले की धाप. हृदय थकलंय, असं कालिक बाइके म्हणाले. थेरपी वॉर्ड, खाट चार, म्हणजे सुनेच्याच देखरेखीखाली. मी सुरक्षेच्या दृष्टीने खाटेभोवती पडदा लावून घेतला. बाबांनी पडद्यामागून सगळ्या वॉर्डाला आपल्या पोटाचा तीन दिवसांचा वृत्तान्त सांगितला.

गुलबारचिन त्यांना चमच्याने भरवत होती. मी दारातूनच परत फिरलो. भीती वाटते. तपासणीची नव्हे.

१६ ऑक्टोबर
बाबांना उतार. सूज उतरवायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रोज रक्त तपासायचं.

उद्या तपासणी. रंगीत तालीम झाली. सभागृहात उपस्थिती सक्तीची केली आहे, रजेवरचे डॉक्टरसुद्धा येतील. वॉर्डात फक्त परिचारिका राहतील. माझं भाषण रुग्णांनाही ऐकता यावं म्हणून माइकची वायर अंगणातल्या कर्ण्यांपर्यंत ओढून घेतली. गुलबारचिन म्हणाली, आजाऱ्यांना थोडी दया दाखवा.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ८.००
सूट घातला. वालेंतिनाचं लॉगिन बंद केलं, या वेळी कायमचं. तपासणीत सापडायला नको.

सकाळी १०.३०
बिश्केकच्या बाई आल्या. सालामात एसेनोव्हना. बारीक चणीच्या, जाड चष्म्याच्या. चहा नको म्हणाल्या. चहा नको म्हणणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते.

पण वॉर्डात जे झालं ते सोन्याच्या अक्षरांनी लिहावं असं. बाईंनी चार नंबरच्या खाटेकडे बोट दाखवून गुलबारचिनला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, मला सांगता येणार नाही. मी मंत्रालयातून आले आहे. असाल, तरी नाही. बाईंनी शिक्क्याचं पत्र दाखवलं. गुलबारचिनने ते नीट वाचलं, परत दिलं आणि म्हणाली, एजे, पत्र खरं आहे, पण माझ्या तोंडून नाव निघणार नाही. बाईंनी आणखी पाच जणींना विचारलं. पाचही जणी जमिनीकडे बघत उभ्या. त्याही आमच्याच भावकीच्या सुना. बाई भराभर लिहीत होत्या.

मी तरंगत होतो. कंस गेलाच समजायचा. आता भाषण.

संध्याकाळी ५.००
क्रमाने लिहितो.

अकरा चाळीसला चौदावी स्लाइड चालू होती. शीर्षक, "गोपनीयता ही आपली संस्कृती". हॉल भरलेला, बाई पहिल्या रांगेत. माझा फोन वाजला. गुलबारचिन मला कामाच्या वेळी कधीच फोन करत नाही.

म्हणाली, त्यांची नाडी मंदावलीय, हाक मारली तर ओ देत नाहीत. सकाळी नऊला रक्त पाठवलंय आणि लॅब रिपोर्ट देत नाही. संगणकावर दिसत नाही, कारण लॉगिन तुम्ही बंद केलंत. फोनवर बेगायिम म्हणते कलम अकरा, आधी पूर्ण नाव आणि जन्मसाल मोठ्याने. मी म्हटलं खाट चार. मी म्हटलं आमच्या घरचे थोरले. चिठ्ठीवर नाव लिहून एका मुलीला लॅबमध्ये पळवलं, तर म्हणते कलमात "मोठ्याने" लिहिलंय. शेजारच्या खाटेवरचा माणूस फोनवर नाव ओरडला, तर म्हणते कर्मचारीच हवा. इथे उरलेल्या सगळ्या त्यांच्याच भावकीच्या सुना, डॉक्टर सगळे तुमच्याकडे बसलेत. अहो, काहीतरी करा.

मी तिथेच लॅबला फोन लावला. म्हटलं, बेगायिम, मी तोक्तोसुन, लगेच रिपोर्ट वाच. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, बाइके, तुम्हीच सांगितलंत ना, तुम्ही विचारलं तरी नाही.

मग मी ओरडलो. तेमिरकुल! वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, जन्मसाल एकोणीसशे त्रेचाळीस, खाट चार, हृदय, सुजलेले पाय, बद्धकोष्ठ, मला जे जे माहीत होतं ते सगळं. ती म्हणाली, फोनवर बोलणाऱ्याची ओळख पटवता येत नाही, मग अधिकाऱ्याच्या लॉगिननेच उघडायचं, कलम बावीस. मी म्हटलं, माझ्याच लॉगिनने उघड, पासवर्ड लिही: मोठेसाहेबतोक्तोसुन, पुढे एकचा आकडा, मध्ये जागा सोडू नकोस. ती म्हणाली, परत सांगा. मी परत सांगितला.

पोटॅशियम सहा पूर्णांक नऊ, ती म्हणाली. सहा पूर्णांक नऊ! मी ओरडलो. कालिक बाइके तोवर खुर्ची उलटी करून दाराबाहेर गेले होते.

माइक माझ्या दुसऱ्या हातात होता. चालू.

बाबांना लगेच इंजेक्शन दिलं. एक वाजता त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, अंगणात माझ्या पोटाबद्दल कोण बोंबलत होतं?

मी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडलो. मागून कोणीतरी रुमाल पुढे केला. सालामात एसेनोव्हना होत्या. रुमाल दिला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

१८ ऑक्टोबर
बाबांनी सूप घेतलं. दोन्ही बाकांवरचे म्हातारे त्यांना भेटून गेले. कर्ण्यावरून एवढ्या जोरात नाव पुकारलं गेलेला ताश-केचूतला मी पहिलाच, असं बाबा प्रत्येकाला सांगतायत.

गुलबारचिन कालपासून माझ्याशी बोलली नव्हती. आज तिला चहा करून दिला. तिने दोन घोट घेतले. मग म्हणाली, नाव माझ्या जिभेवर आलं होतं. आणखी एक मिनिट गेलं असतं तर घेतलं असतं, मग लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. त्या एका मिनिटात त्यांना काही झालं असतं तर? तिच्याजवळ बसून राहिलो.

बेगायिम राजीनामा घेऊन आली होती, डोळे सुजलेले. तो फाडला. सगळ्या लॅबसमोर सांगितलं की या मुलीची चूक नाही, मी सांगितलं तेच तिने केलं. कलम अकरा स्वतःच्या हाताने खोडलं. अडतीस उरली.

तपासणीबद्दल: शांतपणे विचार केला तर चित्र वाईट नाही. आणीबाणीत अधिकाऱ्याने किती झटपट निर्णय घेतला, हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

२८ ऑक्टोबर
बाबा घरी आले. पाटीही आली. पितळी. गुलबारचिन म्हणाली, पत्र येईपर्यंत लावू नका. मी म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वासच नाही. लावली.

१ नोव्हेंबर. सकाळी ११.००
पत्र आलं. रुग्णालय पास! अक्षरशः असं लिहिलं आहे: "थेरपी वॉर्डातील परिचारिकांनी अधिकृत पत्र दाखवल्यावरही रुग्णाची ओळख उघड केली नाही. असं उदाहरण देशात अन्यत्र आढळलेलं नाही."

मार्गदर्शन कोणाचं, ते जग जाणतं.

सकाळी ११.२०
दुसरं पान वाचलं. संपूर्ण रुग्णालयात गंभीर उल्लंघनं तीन. तिन्ही एकाच कर्मचाऱ्याची, चार मिनिटांच्या आत, ध्वनिवर्धकावरून.

सकाळी ११.३०
तिसरं पान. माहिती सुरक्षा विभागप्रमुख, कायम पद: गुलबारचिन तेमिरकुलोवा.

खाली लिहिलंय: तोक्तोसुन तेमिरकुलोव्ह यांच्याविषयी स्वतंत्र अभिप्राय, परिशिष्ट तीन, बंद लिफाफ्यात, फक्त विभागप्रमुखांसाठी.

५ नोव्हेंबर
तळघर. बॉयलर बंद आहे.

नव्या विभागप्रमुखांनी एकाच सकाळी एवढं केलं: लॉगिन आडनावाऐवजी आकड्यांवर. स्क्रीन बंद व्हायची मुदत वीस मिनिटं. हृदयाच्या आलेखांसाठी नारिनच्या डॉक्टरांचा वेगळा बंद ग्रुप. बावीसच्या बावीस जणी आपापल्या लॉगिनने काम करतायत. लादी पुसणाऱ्या एजे आता नुसती लादी पुसतात.

हे सगळं माझ्या मनात होतंच. फक्त क्रम ठरवत होतो.

पाटी तिच्या दारावर हलवली. आडनावाच्या शेवटी बाईच्या नावाचं एक अक्षर, ‘आ’, वाढवून घेतलं, सोनाराने फुकट करून दिलं.

८ नोव्हेंबर. दुपारी
दोन दिवसांपासून लोक माझ्याशी फार चांगलं वागतायत. बुबु एजेंनी नानचे पैसे घेतले नाहीत, म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस बाळा, सरकारी माणसं लिहितात काहीही. टॅक्सीवाल्याने स्वतःहून दार उघडून दिलं आणि सांगितलं, बाइके, शेवटचं वाक्य जरा जास्तच कडक आहे, बाकी ठीक. कुठलं वाक्य? तो गडबडला आणि गाडी चालू केली.

व्हॉट्सॲप उघडून बघितलं. "थेरपी आणि आपली माणसं" मध्ये परत दोनशे चौदाच सदस्य आहेत. मला काढलंय.

संध्याकाळी ६.३०
जेवताना सरळ विचारलं. परिशिष्ट तीनमध्ये माझ्याबद्दल काय लिहिलंय? गुलबारचिन म्हणाली, सांगता येत नाही. मी म्हटलं, अख्ख्या गावाला माहीत आहे. ती म्हणाली, माझ्याकडून कळलेलं नाही, कोणाकडून फुटलं त्याची मी चौकशी लावलीय. मी म्हटलं, मी तुझा नवरा आहे. ती म्हणाली, अहो, कलम सात. नवरा असो, भाऊ असो. तुमच्याच हातचं आहे, वाचून दाखवू?

मग बाबांकडे वळलो. बाबांनी आयुष्यात स्वतःचंसुद्धा गुपित राखलेलं नाही. विचारलं, तुम्हाला तरी माहीत आहे का? त्यांनी मान डोलावली आणि इतके हसले की खोकला आला, पाठ चोळावी लागली. म्हटलं, मग सांगा. डोळे पुसत म्हणाले, नाही बाबा. सुनेनं शपथ घातलीय.

म्हणजे धोरण अखेर लागू झालं. संपूर्ण रुग्णालयात आणि संपूर्ण ताश-केचूत, शंभर टक्के, एका माणसापुरतं.